नको म्हटलं आणि साहेबानं ऐकलं

नोकरीत मला पहिली बढती देऊ केली तेव्हा मी ती नाकारली. नको होती म्हणून नव्हे, हवी होती म्हणून. हे वाक्य घाटाखालच्या, मुंबईकडच्या कुणाला सांगितलं की तो माझ्याकडे संशयानं बघतो. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सांगितलं की तो मान डोलावतो आणि विचारतो, "मग पुन्हा विचारलं का न्हाई त्यांनी?"

हल्ली कंपन्या आपल्या मॅनेजरांना मोठ्या हॉटेलात नेऊन शिकवतात म्हणे, की परक्या मुलखातल्या माणसांकडून काम कसं करून घ्यावं आणि आपण वर कसं चढावं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आमचं सगळं शिक्षण घोडेगावच्या एका गोदामात, हिरड्याच्या पोत्यांवर बसून झालं. एक पारशी, एक मद्रासी, एक स्कॉच साहेब आणि जुन्नरचा एक मुसलमान मुकादम, एवढे माझे गुरुजन. पाचवी माझी बायको सरू, पण तिनं कधी स्वतःला गुरू म्हणवून घेतलं नाही. पहिल्यांदा नको म्हणायची तिचीही पद्धत होतीच.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. हिरडा म्हणजे आपल्या त्रिफळा चूर्णातला हिरडा. भीमाशंकरकडच्या डोंगरांत त्याची झाडं आहेत. घरातलं पोर खोकलं की आपण हिरडा उगाळून देतो, पण विलायतेत त्याचा उपयोग चामडं कमावायला व्हायचा. डोंगरातले लोक फळं गोळा करायचे, खडकावर वाळवायचे आणि पोती डोक्यावर नाहीतर बैलावर घालून आमच्या गोदामात आणायचे. आमच्याकडे बाया तो निवडायच्या. किडका बाजूला, ओला पुन्हा उन्हात, चांगला पोत्यात. हिरडा नीट वाळलाय की नाही हे मूठभर घेऊन खुळखुळवलं की कळतं. मग ट्रक मंचरवरून पुण्याला आणि तिथून मुंबई बंदरात. पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. पेढी मुंबईतली, जुनी, विलायती मालकांची. नाव सांगत नाही, कारण तिचं त्यात काही चुकलं नव्हतं.

मी ओतूरच्या अंगाचा, शेतकऱ्याचा मुलगा, मॅट्रिक झालेला. घरात पहिलाच इंग्रजी लिहिणारा. गोदामात कारकून म्हणून लागलो तेव्हा मॅनेजर होते पेस्तनजी. सारखे शिव्या देत, आणि त्यांच्या शिव्या ज्याला मिळत नसत तो माणूस दिवसभर उदास असे. त्यांची काम करण्याची रीत सोपी होती. दारात खुर्ची टाकून बसायचं. पोतं घेऊन माणूस आला की आधी त्याची म्हैस व्याली का ते विचारायचं, मग मुलीचं लग्न, मग पाऊस. हिरड्याचा विषय चहा संपल्यावर. भावावरून घटकाभर हुज्जत व्हायची आणि शेवटी दोघांनाही आधीपासून ठाऊक असलेल्या भावावर सौदा ठरायचा. मला तेव्हा वाटायचं, हा केवढा वेळेचा अपव्यय! तो अपव्यय नव्हता, तोच धंदा होता, हे मला पुढे कळलं.

वर्षातून एकदा मुंबईहून डंकनसाहेब जीपमधून तपासणीला येत. उंच, लाल, सरळ माणूस. जे मनात तेच तोंडात, आणि तेही एकदाच. एका वर्षी पेस्तनजींनी त्यांचं जेवण माझ्या घरी ठेवलं. सरूनं पुरणपोळी केली. साहेबांना पोळी आवडली. दुसरीही खाल्ली. तिसरीला त्यांनी हात ताटावर आडवा धरून "नो, थँक यू" म्हटलं.

आता आमच्याकडे ताटावर आडवा हात म्हणजे आग्रहाला दिलेलं आमंत्रण. सरूनं त्या हातावरच पोळी ठेवली आणि वर तूप सोडलं. साहेबांनी हात कसाबसा काढून घेतला, पोळी ताटात पडली आणि वाढलेलं टाकू नये एवढी सभ्यता त्यांच्या देशातही असल्यामुळे त्यांनी ती खाल्ली. मग चौथीला पुन्हा हात, पुन्हा तूप. साहेब नंतर डाकबंगल्यात आडवे झाले ते तपासणी न करताच परत गेले. जाताना त्यांनी पेस्तनजींना विचारलं, की या कुटुंबाचं आपण काही वाकडं केलं होतं का. मी घरी येऊन सरूला म्हटलं, अगं त्यांनी नको म्हटलं होतं ना. ती म्हणाली, "पयल्या नको म्हनन्याला काय अर्थ असतो व्हय?"

मी हसलो. त्या वेळी मला साहेबांची गंमत वाटली होती. आपल्यालाही त्याच पोळीचा चटका बसणार आहे, हे तेव्हा कळलं नाही.

कारण रीत अशी आहे. कुणी काही चांगलं देऊ केलं की आपल्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचं. लगेच हो म्हणणारा माणूस हावरा. दुसऱ्यांदा विचारलं की "कशाला उगाच" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर" असं म्हणून घ्यायचं. चहापासून सोयरिकीपर्यंत सगळं याच वाटेनं जातं. लहानपणी मामाच्या घरी लाडवाला पहिल्याच झटक्यात हो म्हटलं म्हणून मी आईचा मार खाल्लेला आहे.

पेस्तनजी निवृत्त होऊन नवसारीला निघाले तेव्हा त्यांनी आपल्या जागी माझं नाव सुचवलं. हे सगळ्या घोडेगावला माहीत होतं. ओतूरला वडिलांनी पारावर सांगून टाकलं होतं. सरूनं ओझरच्या विघ्नहराला नवस बोलला होता. मॅनेजरला गोदामामागचं दोन खोल्यांचं घर मिळायचं आणि आम्ही एका अंधाऱ्या खोलीत भाड्यानं राहत होतो. तरी खरं सांगतो, घरापेक्षा मला ती दारातली खुर्ची हवी होती. आमच्या घराण्यात आजवर कुणी खुर्चीत बसून माणसाची विचारपूस केलेली नव्हती. उभ्यानंच केलेली होती.

डंकनसाहेब आले. गोदामात पोत्यांच्या थप्पीपाशी उभे राहिले, माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "हांडे, इथला कारभार तुम्ही घ्याल का?"

मी मान खाली घातली आणि म्हणालो, "नाही साहेब, मी कसला! माझ्यापेक्षा लायक माणसं पेढीत आहेत."

आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत उभा राहिलो.

साहेब "आय सी" म्हणाले. प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले, हात हातात घेऊन हलवला आणि जीपमध्ये जाऊन बसले. जीप सुरू झाली. मला वाटलं, वळवून आणतील. जीप मंचरच्या रस्त्याला लागली. धुरळा खाली बसेपर्यंत मी आणि मुकादम इस्माईलभाई रस्त्याकडे बघत होतो. इस्माईलभाई जुन्नरचे, घरात पूर्वी कागद करायचे, आता ते काम बसल्यामुळे आमच्याकडे तोलाईवर होते. माझ्यापेक्षा वयानं मोठे आणि सल्ला द्यायला सदैव तयार.

"तुमी बरोबर बोलला," ते म्हणाले. "त्यांचंच वळन चांगलं न्हाई. पुन्हा इचारलं पायजे व्हतं."

गावाचंही हेच मत पडलं. चहाच्या दुकानात माझ्या वागण्याची तारीफ झाली. एवढा मोठा साहेब, पण साध्या चालीरीती शिकलेला नाही, याबद्दल सगळ्यांना त्याची कीव आली. माझी बढती गेली होती, पण अब्रू वाढली होती. तिच्यावर खोलीचं भाडं मात्र भागत नव्हतं. एकटे पेस्तनजी भडकले. सामान बांधता बांधता त्यांनी मला अशा शिव्या दिल्या की त्यातल्या निम्म्या इथे छापता येणार नाहीत. "अरे गधेडा, ते स्कॉटलंडचा माणूस हाय. एकदा विचारेल. दुसऱ्यांदा विचारायला त्येला पेट्रोल लागते."

घरी सरूपुढे वेगळाच पेच होता. नवस फेडायचा की नाही? मी म्हटलं, बढती कुठे मिळाली? ती म्हणाली, "देवानं दिली व्हती. तुमी घेतली न्हाई. त्यात देवाचा काय दोष?" आणि आम्ही ओझरला जाऊन नवस फेडून आलो. न मिळालेल्या बढतीचे पेढे मी स्वतःच्या खिशातून वाटले.

त्या खुर्चीत बसायला मुंबईहून राघवन आले. वयानं माझ्याएवढे, मूळचे मद्रासकडचे. कपडे पांढरेशुभ्र, अक्षर छापल्यासारखं. बायको आणि लहान मुलगी कोचीनला सासऱ्यांकडे. पेढीनं त्यांना विचारलं, घोडेगावला जाल का, आणि ते पहिल्याच फटक्यात हो म्हणाले होते. मी मनातल्या मनात त्यांना हावरा ठरवून टाकलं.

आल्या आल्या त्यांनी दारात पाटी लावली: अमुक प्रतीच्या हिरड्याला अमुक भाव. भाव चांगला होता, हुज्जत घालून मिळायचा त्याहून थोडा चढाच. खुर्ची दारातून आत नेली. माणूस आला की पोतं तोलायचं, पैसे द्यायचे, नमस्कार. बघता बघता गोदाम ओस पडलं. लोक नदीपलीकडच्या एका व्यापाऱ्याकडे कमी भावात माल घालू लागले, कारण तो त्यांच्याशी अर्धा दिवस भांडायचा. राघवनना काही उमगेना. मी हाताखालचा माणूस, आणि शिवाय थोडासा सुखावलेला, त्यामुळे गप्प. शेवटी इस्माईलभाईंनीच सांगितलं, "साहेब, मानूस कोंढवळवरून चालत आलाय. त्याला घटकाभर भांडू तरी द्या."

राघवन या माणसाचा मोठेपणा हा, की त्यांना हसू आलं नाही आणि रागही आला नाही. त्यांनी विचार केला, पाटी उतरवली आणि खुर्ची पुन्हा दारात आणली. दुसऱ्या दिवसापासून ते पाटीवरच्या भावाच्या बरंच खालून सुरुवात करायचे आणि समोरच्याला वर चढू द्यायचे. पाटीच्या भावाशी आले की हरल्यासारखा चेहरा करायचे. माणूस जिंकून घरी जायचा. गोदाम पुन्हा भरलं.

हुज्जत घालायची तर भाषा हवी. ती ते निवडणाऱ्या बायांकडून आणि इस्माईलभाईंकडून शिकले. त्यामुळे तो स्वच्छ कपड्यांतला, कपाळाला गंध लावणारा गृहस्थ बोलायला लागला की ऐकणारा बघतच राहायचा. मामलेदार कचेरीत जाऊन ते म्हणाले होते, "आमच्याकडं लई काम व्हतं, म्हून याया जमलं न्हाई." मामलेदार पुण्याच्या सदाशिव पेठेतले. त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

हळूहळू आमची गट्टी जमली. ते सरळ बोलणारे असल्यामुळे एक दिवस सरळच म्हणाले, की कोचीनच्या कचेरीत जागा होतेय. मला बायकोमुलीजवळ जायचंय. तुम्हाला माझी खुर्ची हवी आहे. महाशिवरात्रीनंतर मुंबईहून एक बोट सुटतेय, तिच्यासाठी मोठी मागणी आहे. हा माल वेळेवर गेला तर डंकनसाहेब मला बदली देतील आणि मी तुमचं नाव सुचवीन.

मी म्हणालो, "छे छे, मला कसली खुर्ची!"

राघवननी हात जोडले. "हांडे," ते म्हणाले, "माझ्यासमोर तरी नको."

माल गोळा करायला आम्ही दोघं डोंगरातल्या वाड्यांवर फिरलो. प्रत्येक ठिकाणी राघवन विचारायचे, शिवरात्रीच्या आधी माल आणाल का. प्रत्येक ठिकाणी उत्तर मिळायचं, "आनतो की." राघवन खूश. मी अस्वस्थ. शिवरात्रीला भीमाशंकरची जत्रा. वाड्यावाड्यांतला माणूस यात्रेकरूंची ओझी वाहायला, दुकानं मांडायला, पाहुण्यांची ऊठबस करायला गुंतलेला. हिरडा वाहून आणायला सवड कुणाला? पण दारात आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं, हे आमच्याकडे कुणाकडून होत नाही. मी राघवनना म्हटलं, साहेब, हे लोक आणणार नाहीत. ते म्हणाले, सगळे हो म्हणाले, तुमच्यासमोरच म्हणाले. मी त्यांना समजावलं, की आमच्याकडे हवं असलेल्या गोष्टीला माणूस नको म्हणतो आणि न जमणाऱ्या गोष्टीला हो म्हणतो. त्यांनी विचारलं, "मंग तुमी लोक काम कवा करता?"

ट्रक ठरल्या दिवशी आले आणि गोदामासमोर रिकामे उभे राहिले. ड्रायव्हर सावलीत पत्ते कुटत बसले. पोतं एक आलं नाही. मुंबईहून तारा यायला लागल्या. राघवन दारातल्या खुर्चीत बसून डोंगराकडे बघत होते. त्यांच्या टेबलावर मुलीचा फोटो होता, तो त्यांनी त्या दिवशी उलटा ठेवला. ते मला बघवलं नाही. खुर्चीचं सोडा, या माणसाला घरी पाठवलंच पाहिजे असं मला वाटलं.

मी आणि इस्माईलभाई जत्रेला गेलो. इस्माईलभाईंचा मेहुणा तिथे दरवर्षी बांगड्यांचं दुकान मांडायचा. त्याच्या दुकानाच्या आडोशाला आम्हाला गोमाबाबा भेटले. गोमाबाबा कोंढवळचे म्हातारे, डोंगरातल्या चार वाड्या त्यांच्या शब्दाबाहेर नव्हत्या. आम्ही तंबाखू काढली. त्यांच्या नातवंडांची, बैलाच्या पायाची, जत्रेतल्या गर्दीची चौकशी झाली. पेस्तनजींची खुर्ची मला त्या वेळी आठवत होती. सगळं बोलून झाल्यावर, उठता उठता मी म्हणालो, "गोमाबाबा, यंदा हिरडा राहू द्या."

म्हातारा चमकला. "का बरं?"

"तुमची मानसं दमल्यात. जत्रेचं काम काय थोडं हाय का? मी सायबाला सांगतो, कोंढवळवाल्यांना न्हाई जमायचं."

"कोन म्हनतं न्हाई जमायचं?"

"नको, नको. कशाला उगाच तरास."

"तरास कसला त्यात? आमी काय म्हातारं झालो व्हय?"

मी आणखी एकदा नको म्हणालो. इस्माईलभाईंनी मला दुजोरा दिला आणि वर म्हणाले, की नदीपलीकडचा व्यापारी देणार आहे माल, त्याची माणसं तरणी आहेत. गोमाबाबा ताडकन उठले आणि पागोटं सावरत गर्दीत शिरले.

जत्रा पांगली आणि तळेघरच्या उतारावरून पोती यायला लागली. डोक्यावर, बैलावर, दोघांच्या खांद्यावर काठीला टांगलेली. मी गोदामाच्या दारात उभा राहून प्रत्येकाला "कशाला एवढी घाई केली, राहू द्यायचं की" म्हणत होतो आणि तो प्रत्येक जण मला बाजूला सारून पोतं आत टाकत होता. नको म्हणता म्हणता माझा घसा बसला. ट्रक भरून गेले. बोट चुकली नाही. राघवननी मुलीचा फोटो सरळ केला आणि मला म्हणाले, की आता मला तुमची माणसं पुरती कळली.

त्यांना पुरती कळली, इथेच घोटाळा झाला.

डंकनसाहेब यायचा दिवस ठरला. या वेळी मी तयारीत होतो. साहेबांनी विचारलं की लगेच हो म्हणायचं, लाजायचं नाही, हावरा दिसलो तरी चालेल. इस्माईलभाई साहेब व्हायचे आणि मी हो म्हणायचा सराव करायचो. पहिल्या काही वेळा तोंडातून नकोच आलं. इस्माईलभाईंना हे सगळं मनापासून पटत नव्हतं. "लई वाईट दिसतं ते," ते म्हणायचे, तरी माझ्यासाठी त्यांनी ते सोसलं. सरूनं विघ्नहराला दुसरा नवस बोलला आणि या खेपेला त्यात एक अट घातली, की देव देईल आणि मालक, म्हणजे मी, घेतील तरच फेडू.

राघवन साहेबांना आणायला पुण्याला गेले. वाटेत त्यांनी साहेबांना आमच्या मुलखाचं सगळं ज्ञान दिलं. नको म्हणजे हो, हो म्हणजे नको. जेवताना आधी नको म्हणावं, नाहीतर घरच्या बाईला वाटतं पाहुणा हावरा आहे. साहेबांनी लक्षपूर्वक ऐकलं. आपण मागच्या खेपेला या हांड्यावर अन्याय केला, हेही त्यांच्या ध्यानात आलं.

गोदामात तीच जागा, तीच पोत्यांची थप्पी. साहेब माझ्याकडे वळले. या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर माया होती. त्यांनी विचारलं, "हांडे, इथला कारभार तुम्ही घ्याल का?"

"हो साहेब," मी म्हणालो. त्यांचं वाक्य नीट संपलंही नव्हतं.

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी राघवनकडे बघितलं. राघवननी डोळे मिटून मान हलवली. साहेब म्हणाले, "आय सी." मग हळू आवाजात म्हणाले, की जबरदस्ती अजिबात नाही, मला वाटलं होतं तुम्हाला आवडेल. त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. तोच हात, तेच हलवणं. मी आ वासून उभा. राघवन जवळ आले आणि दुखावलेल्या सुरात कानात म्हणाले, "नगं व्हतं तर मला आदीच सांगायचं की, राव."

इस्माईलभाईंनी कपाळाला हात लावला.

जेवण माझ्याकडेच होतं, त्यामुळे सगळे घरी आलो. पानं मांडली होती. सरूला गोदामातलं काही ठाऊक नव्हतं. तिनंही मागच्या अनुभवावरून एक निश्चय केला होता. हा माणूस नको म्हणाला की वाढायचं नाही, मग जीव कितीही तुटो.

साहेबांनी पहिली पोळी अशी खाल्ली की त्यांना ती इतकी वर्षं आठवत असावी. सरू दुसरी घेऊन आली. साहेबांनी हसून ताटावर हात आडवा धरला आणि राघवनकडून शिकलेलं मराठी बोलले, "नको."

सरू थांबली. पोळीकडे बघितलं, पाहुण्याकडे बघितलं आणि मागे फिरली.

साहेब वाट बघत बसले. कटाची आमटी आली. "नको." आमटी परत गेली. तुपाची वाटी दारापर्यंत येऊन तिथूनच वळली. साहेबांनी ताटातली कुरडई मोडून बारीक बारीक खाल्ली. आतून तव्यावरच्या पोळीचा वास येत होता आणि साहेब दर थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते, ते आता येईल, आता वळून येईल, अशा नजरेनं. मला ती नजर कुठेतरी बघितल्यासारखी वाटली. मग आठवलं. मंचरच्या रस्त्याकडे, धुरळ्यात, मी स्वतः तसाच बघत उभा होतो. तिकडे सरू दाराआड पदर तोंडाला लावून रडकुंडीला आली होती, पाहुणा माझ्या घरातून उपाशी चालला म्हणून.

मी पानावरून हात उचलला. आयुष्यात पहिल्यांदा मी आगाऊपणानं, मोठ्या आवाजात बोललो.

"साहेब, तुम्हाला आणखी पोळी हवी आहे. आणि मला ती नोकरी हवी आहे."

साहेबांनी माझ्याकडे, मग राघवनकडे, मग रिकाम्या ताटाकडे बघितलं. "हांडे," ते म्हणाले, "हे तुम्ही तुमच्या पद्धतीनं सांगताय की माझ्या?"

"भुकेल्या माणसाच्या पद्धतीनं, साहेब."

डंकनसाहेब एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. त्यांनी ताटावरचा हात काढला. सरूनं पोळी आणली, एकदाही न विचारता वाढली, आणि तूप सोडलं ते वाटी रिकामी होईपर्यंत सोडलं. साहेब पुन्हा डाकबंगल्यात आडवे झाले, पण या खेपेला जाण्याआधी सगळं बोलून झालं होतं. मला खुर्ची मिळाली आणि राघवनना कोचीन.

राघवन गेले त्या दिवशी गोदामातल्या बाया एस.टी.पर्यंत पोचवायला आल्या होत्या. मॅनेजरला पोचवायला त्या कधी जात नसत. गाडीच्या खिडकीतून राघवन म्हणाले, "बरंय, येतो." आमच्याकडे जातो म्हणत नाहीत, हे त्यांनी आमच्याकडूनच शिकून घेतलं होतं. पण त्यांच्या तोंडून ते आम्ही खरं मानलं. दर हंगामात इस्माईलभाई म्हणायचे, यंदा मद्रासीसाहेब यायला पाहिजेत. ते आले नाहीत. मीही कधी कोचीनला गेलो नाही. जाऊ जाऊ म्हणत राहिलो. याची चुटपुट मला अजून आहे.

पुढे चामडं कमावायला दुसरी रसायनं आली, हिरड्याचा भाव पडला, पेढीचे मालकही बदलले. डंकनसाहेब मायदेशी गेले. मी मात्र त्या दारातल्या खुर्चीत माणसांच्या म्हशी आणि मुली विचारत निवृत्तीच्या वयाला आलो. तोवर वर मुंबईला नवा साहेब बसला होता, आमच्याच जुन्नर तालुक्यातला, आळ्याकडचा. तो आला आणि म्हणाला, अण्णा, आणखी काही वर्षं थांबा.

मला खरंच नको होतं. गुडघे दुखत होते, ओतूरला मळ्यात घर बांधून ठेवलं होतं, सरूनं तिथे तुळस लावून महिना झाला होता. मी स्वच्छ, मनापासून सांगितलं, "नको."

पोरगा आपल्या मुलखातला. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. मी म्हणालो, "कशाला उगाच."

त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. आता तिसऱ्यांदा नाही म्हणणं कसं दिसतं! आणखी काही वर्षं मी घोडेगावलाच होतो.